निरोगी लामांचा तक्ता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही या गोष्टीपाशी आले की पटकन विषय बदलते. हसू नका — देवापुढेसुद्धा विषय बदलता येतो, मला चांगला सराव झालाय. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला मध्येच थांबवणार नाही. थांबवलंत, तर मी परत चहा टाकायला उठेन आणि सांगायचं राहून जाईल.

गोष्ट लामांच्या रक्ताची आहे. हो, लामाच — उंटाचा तो लोकरवाला, लांब मानेचा, तोंड वर करून बघणारा भाऊबंद. शारजात लामा कुठून आले, असं विचाराल. अहो, इथे हौसेला काय कमी आहे? धैदच्या बाजूला, शहरापासून आत, एका एमिराती गृहस्थांचं फार्म आहे. उंट होते, हरणं होती, मग एके वर्षी लामा आले. त्यांच्यासाठी पंखे, पाण्याचे फवारे, उन्हाळ्यात लोकर कापायला खास माणूस. मी ठाण्याच्या भाड्याच्या दोन खोल्यांत वाढलेली बाई. पहिल्यांदा तो थाट बघितला तेव्हा मनात आलं, पुढच्या जन्मी लामाच व्हावं.

मी जनावरांच्या लॅबमध्ये काम करते. उंट, घोडे, ससाणे, श्रीमंतांच्या मांजरी — सगळ्यांचं रक्त आमच्याकडे येतं. आता एक गोष्ट जरा समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आजारी जनावराच्या रक्तात काय बिघडलंय हे सांगायचं, तर निरोगी जनावराच्या रक्तात काय किती असतं ते आधी ठाऊक लागतं. तांबं, जस्त, सेलेनियम, अ आणि ई जीवनसत्त्व — प्रत्येकाचं नॉर्मल. पुस्तकांत लामांचे आकडे आहेत, पण ते थंड, डोंगराळ मुलखातल्या, हिरवा चारा खाणाऱ्या लामांचे. इथले लामा सुका चारा खातात, दिवसभर सावलीत पंख्याखाली बसतात. यांचं नॉर्मल तेच असेल कशावरून? म्हणून ठरलं, की फार्मवरच्या धडधाकट लामांचं रक्त काढायचं आणि आपला स्वतःचा तक्ता करायचा.

हे सुचलं केतकीला. मला नाही. मी त्या लॅबमध्ये तिच्याआधी कितीतरी वर्षं होते आणि मला हे कधी सुचलं नव्हतं. हे मी मुद्दाम आधीच सांगून टाकते, कारण बरीच वर्षं मी मनात असं घोळवत राहिले की ही कल्पना खरं तर माझीच होती, जेवताना मीच काहीतरी बोलले होते, तिने उचललं. तसं काही नाही. तिची होती.

केतकी म्हणजे — कशी सांगू? शारजात जन्मली, शारजात वाढली. आईवडील मूळचे पुण्याचे. वडील रिटायर झाले तसा त्यांचा व्हिसा संपला आणि ते दोघं पुण्याला परतले. ही मागे राहिली, लॅबच्या नोकरीवर, लॅबच्या व्हिसावर. नोकरी आहे तोवर राहायचं, नोकरी गेली की चालू पडायचं — इथला नियम सगळ्यांना सारखाच, जन्म इथला असला तरी. मी गंमतीने म्हणायचे, "अगं, जा की आईबाबांकडे, किती दिवस एकटी राहणार?" तर ती म्हणायची, "ताई, पुण्यात मी काय करू? तिथे मी पाहुणी आहे. आय अॅम फ्रॉम शारजा." तिची शाळा आमच्या घरामागेच. कोपऱ्यावरच्या कडक चहावाल्याला ती लहानपणापासून ओळखायची आणि तोही तिला न विचारता कमी साखरेचा चहा द्यायचा. मला अजून विचारतो, शुगर कितना.

नोकरीला लागली तेव्हा तिला मी शिकवलं. नळ्या कशा धरायच्या, रक्त फिरवून वरचं पाणी अलगद कसं काढायचं, कुठल्या झाकणाची नळी वापरायची — साध्या रबरी बुचातून जस्त उतरतं आणि आकडा फुगतो. ई जीवनसत्त्वाला उजेड सोसत नाही, म्हणून नळीला फॉइल गुंडाळायची, तेही मीच. "ताई, ताई" करत मागे असायची. मला आवडायचं हो ते. खोटं कशाला बोलू?

मग हळूहळू ती पुढे गेली. डॉक्टरांशी — आमचे प्रमुख, इजिप्तचे — ती अरबीत बोलायची, त्यांना हसवायची. फार्मवाले फोन करून "केतकी कुठाय" विचारायचे. मी उचलला तर म्हणायचे, ओके ओके, नंतर करतो. मीटिंगमध्ये मी काही सांगितलं की डॉक्टर मान हलवायचे; तेच तिने सांगितलं की लिहून घ्यायचे. माझ्या पोटात दुखायला लागलं. अगदी साधं, बायकी, बाजारू पोटदुखणं — त्याला मोठं नाव द्यायला नको.

पण ऑफिसातलं मी गिळलं असतं. घरातलं नाही गिळता आलं. माझी सई तेव्हा अकरावीत होती. आईशी बोलायचं म्हणजे "फाइन", "ओके मम्मा", "आय नो". मी मराठीत विचारायचे, ती दाराआडून इंग्रजीत उत्तर द्यायची आणि दार लावायची. आणि केतकी शुक्रवारी जेवायला आली की हीच पोरगी बाहेर येऊन सोफ्यावर मांडी घालून बसायची. मी आत अळूवड्या तळायचे आणि बाहेर दोघींचं हसणं ऐकायचे. कशावर हसताय विचारलं तर — "नथिंग, मम्मा." एकदा केतकीने मला सहज सांगितलं, "ताई, सई इज सो स्ट्रेस्ड, तिला मेडिकल नाहीच करायचं." माझ्या मुलीला काय करायचं नाही, हे मला माझ्याच स्वयंपाकघरात दुसरीने सांगावं! माझ्या हातात झारा होता. "बरं," म्हटलं मी, आणि तिच्या ताटात आणखी दोन वड्या वाढल्या. अंगाचा तिळपापड होत असताना मी माणसाला आग्रह करकरून वाढते, ही माझी खोड आहे.

तर लामांचं काम. केतकीचं कॉन्ट्रॅक्ट त्या वर्षअखेरीला संपणार होतं. डॉक्टर तिला स्पष्टच म्हणाले होते, की वर बजेट मागायला काहीतरी ठोस दाखवावं लागेल, हा तक्ता नीट झाला तर तुझी जागा पक्की. तिने मला हे पार्किंगमध्ये सांगितलं, माझा दंड धरून, उड्या मारत. "ताई, इन्शाल्ला मी इथेच राहते बघ." मी म्हटलं, इन्शाल्ला. मनात काय म्हटलं, ते नको.

तिने सगळं नीट आखलं. कुठले लामा घ्यायचे, किती वयाचे, गाभण माद्या वगळायच्या. आणि सगळ्यांत महत्त्वाचं — फार्मला सांगून ठेवायचं, की रक्त काढण्याआधी बरेच आठवडे जनावरांना वरचं काही द्यायचं नाही. औषध नाही, व्हिटॅमिन नाही, इंजेक्शन नाही. रोजचं खाणं तेवढं. नाहीतर आपण निरोगी लामा मोजणार नाही, इंजेक्शन मोजू. हे तिने फार्मच्या ऑफिसला कळवलं. ऑफिसने सांगतो म्हटलं. ऑफिसने रहमतला किती सांगितलं आणि रहमतने त्यातलं काय घेतलं, देव जाणे.

रहमत हा तिथला जनावरांचा राखणदार. पेशावरकडचा, दाढी मेंदीने रंगवलेली. लामांवर त्याचा जीव होता. प्रत्येकाला त्याने नाव ठेवलं होतं.

रक्त काढायच्या दिवशी केतकी लॅबमध्ये थांबली, मशीन तयार ठेवायला. फार्मवर गेलो आम्ही दोघं, डॉक्टर आणि मी. डॉक्टर मानेतून रक्त काढत होते, रहमत जनावर धरत होता, आणि मी नळ्या घेऊन फॉइल गुंडाळत होते. लामा मोठे शहाणे हो. नाक वाजवत गुणगुणल्यासारखा आवाज करतात, आणि आपण कोण, कशाला आलोय, सगळं डोळे मोठे करून बघतात. काम चांगलं चाललं होतं. तेवढ्यात फोन वाजला. केतकीचा मेसेज. "ताई, फॉइल लावायला विसरू नकोस हं, प्लीज!" आणि खाली हात जोडल्याचं चित्र.

फॉइल. मला. मी शिकवलं होतं तिला फॉइल!

किती क्षुल्लक, नाही? मलाही आज तसंच वाटतं. पण त्या क्षणी नाही वाटलं. हातातली नळी मी इतकी घट्ट गुंडाळली की फॉइल फाटली. कोण लागून गेली ही, मला आठवण करून देणारी?

आणि त्याच वेळी रहमत माझ्याजवळ आला. शेवटचं जनावर सोडून, हात झटकत, मोठ्या खुशीत. "मॅडम, फिकर मत करो," म्हणाला, "सब के सब पास होंगे. मैंने पिछले हफ्ते सबको ताक़त का इंजेक्शन लगा दिया है, वही जो ऊंटों को लगाते हैं. अरबाब की इज़्ज़त का सवाल है ना."

त्याला वाटलं होतं, परीक्षा आहे. शहरातले लोक येऊन मालकाच्या जनावरांचं रक्त तपासणार, मग रिपोर्टमध्ये काही कमी निघालं तर मालकाची मान खाली नको. म्हणून त्याने, आपण नाही का, मुलाचं वजन करायला न्यायच्या आधी आठवडाभर तूप-साखर भरवतो, तसं केलं. ते ताकदीचं इंजेक्शन म्हणजे सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व. नेमकं तेच, जे आम्ही मोजणार होतो.

डॉक्टर हातभर अंतरावर हात धूत होते. त्यांना हिंदी येत नाही. त्यांनी मान वळवून मला विचारलं, काय म्हणतोय तो?

मी म्हटलं, चहा हवाय का विचारतोय.

एवढंच. ठरवलेलं नव्हतं — नाही, असं म्हणून मी सुटणार नाही. ठरवलेलं नव्हतं, पण तोंडातून आलं ते बरोबर जागी बसलं. डॉक्टर हसून म्हणाले, यल्ला, चहा घेऊ. आणि आम्ही रहमतचा चहा प्यायलो. त्याने माझ्या कपात जास्तीची वेलची घातली होती.

परतताना गाडीत मी नळ्यांची पेटी मांडीवर घेऊन बसले होते. सांगायला तासभराचा रस्ता होता. एक वाक्य पुरेसं होतं — डॉक्टर, रक्त फेकून द्या, दोन-तीन महिन्यांनी परत येऊ. उशीर झाला असता, दुसरं काय? बाहेर चाऱ्याचे ट्रक जात होते, डॉक्टर काहीतरी गुणगुणत होते. मी मनात म्हणत होते, होऊ दे की तिचा तक्ता चुकीचा. कळू दे डॉक्टरांना, की सगळंच काही तिला येत नाही. एकदा, एकदाच तिचं तोंड उतरलेलं मला बघायचं होतं. लॅबमध्ये शिरल्या शिरल्या तिने विचारलं, "ताई, सगळं ओके? कुणाला काही दिलं नव्हतं ना? तू कन्फर्म केलंस?"

"केलं," मी म्हटलं.

पुढे मी काही काळ स्वतःला सांगत होते, की मी रहमतची नोकरी वाचवली. छान वाटायचं ते. पण मला त्या क्षणी रहमतची आठवणही नव्हती हो. माझ्या डोळ्यांपुढे तो मेसेज होता.

आकडे आले. सेलेनियम पुस्तकापेक्षा चांगलंच वर. मला वाटलं, आता हिला शंका येईल, ही सगळं परत करेल, वैतागेल. ती वैतागली नाही, तिला आनंद झाला! तिने डॉक्टरांना पटवलं, की हेच तर आपल्याला शोधायचं होतं — इथला आयात चारा, इथलं खाद्य, इथले लामा वेगळे. ई जीवनसत्त्वही वर होतंच, दोन्ही एकमेकांना जुळत होते. डॉक्टर खूश. दुबईत जनावरांच्या डॉक्टरांची एक सभा होती, तिथे तिला बोलायला उभं केलं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. माझी सई माझ्या शेजारी, हट्टाने आलेली, केतकीमावशीला ऐकायला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि माझं काय झालं सांगू? पडद्यावरचा तो आकडा खोटा आहे, हे त्या सभागृहात एकट्या मला माहीत होतं, तरी माझा जळफळाट होत होता. खोट्या टाळ्यांचासुद्धा मला मत्सर वाटला! सई उभी राहून वाजवत होती. माझ्या मुलीने माझ्यासाठी कधी उभं राहून टाळ्या वाजवल्यात का? मी कधी वाजवण्यासारखं काही केलंय का? असले विचार. शी.

तक्ता लागू झाला. तिचं कॉन्ट्रॅक्ट वाढायचे कागद निघाले.

मग फार्मवर नवे लामा आले, माद्या आणि दोन पिल्लं. नेहमीप्रमाणे रक्त आमच्याकडे. आणि आमच्या तक्त्याशी ताडलं, तर सगळ्यांचं सेलेनियम कमी. कमी पडलं तर पिल्लांचे स्नायू दुबळे होतात, उभं राहवत नाही, म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शन सुचवलं. दिलं. पुन्हा तपासलं — अजूनही थोडं कमीच. पुन्हा दिलं. आता, सेलेनियम म्हणजे काही साखर नाही. गरजेपेक्षा जास्त झालं की ते विष होतं, हे मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. त्या रिपोर्टांवर "कमी" असा शेरा माझ्या हाताखालून जात होता. मला ठाऊक होतं, की ते कमी नाहीत, ते नॉर्मल आहेत. मी काय केलं? रिपोर्ट पुढे पाठवले. म्हटलं, एखाददुसऱ्या सुईने काय होतंय.

एक मादी मेली. श्वास लागला, दिवसभर धापा टाकत होती, संध्याकाळपर्यंत गेली. तिचं पिल्लू लहान होतं. मी तिला पाहिलेलं नव्हतं, नळीत तेवढी पाहिली होती.

मालक भडकले. दुसरीकडून तपासणी झाली आणि कारण सेलेनियमच निघालं. डॉक्टरांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. ते ओरडले नाहीत, त्याचंच जास्त भय वाटलं. त्यांनी विचारलं, तक्त्यासाठी रक्त काढलं तेव्हा जनावरांना आधी काही दिलं गेलं होतं का? नीट आठवा.

रहमत तोवर सुट्टीवर गावी गेला होता आणि परतला नव्हता. विचारायला माणूस एकच होतं.

केतकीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती सरळ डॉक्टरांना म्हणाली, "नो, डॉक्टर. ताई होती तिथे. शी चेक्ड. ताईला कळलं असतं तर तिने सांगितलं असतं." जणू काही हा प्रश्न विचारणंच माझा अपमान होता.

डॉक्टर माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "नथिंग, डॉक्टर. मी विचारलं होतं."

ही माझी तिसरी वेळ. पहिली चहाची, दुसरी लॅबच्या दारात, आणि ही. या वेळी मात्र मला नीट माहीत होतं मी काय करतेय. पहिल्या खेपेला तिचं तोंड उतरलेलं बघायचं होतं. आता माझं तोंड वाचवायचं होतं. कुठलं जास्त वाईट, तुम्ही ठरवा — मी ठरवू शकलेले नाही.

मग राहिलं काय? तिचं गणित, तिचं मशीन, तिचा हात. तिने दिवसचे दिवस बसून सगळं पुन्हा तपासलं. डोळ्यांखाली काळं आलं. मी तिला डब्यातली पोळी-भाजी द्यायचे. ती न बघता खायची आणि म्हणायची, "ताई, मला सापडतच नाहीये. काहीतरी चुकलंय माझं आणि मला दिसत नाहीये." मी तिच्या पाठीवरून हात फिरवायचे. हो, फिरवायचे.

कॉन्ट्रॅक्टचे कागद थांबले. खलास. तिने दुसरीकडे प्रयत्न केले, पण या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, लामाची गोष्ट तिच्याआधी पोचायची. मुदत संपत आली तेव्हा तिने गाडी विकली, झाडं वाटली. शेवटच्या शुक्रवारी आमच्याकडे जेवायला आली. सई तिच्या गळ्यात पडून रडली. जिना उतरताना केतकी एका पायरीवर थांबली आणि मला म्हणाली, "ताई, इमिग्रेशनवाला विचारेल ना, गोइंग होम? मी काय सांगू त्याला?" मी म्हटलं, "हो म्हण, बाई." आणखी काय सांगणार होते? तिचं घर तिच्या हातून मी काढून घेतलं होतं, आणि वर तिला खोटं बोलायला शिकवत होते.

तुम्हाला वाटेल, इथे संपलं. मलाही वाटलं होतं.

काही महिन्यांनी डॉक्टरांनी ते काम माझ्याकडे दिलं. मी त्याच फार्मवर गेले, नव्या राखणदाराला बजावून ठेवलं, पुरेसे महिने जाऊ दिले, स्वतः चारवेळा विचारलं. माझ्यासारखं हे काम दुसऱ्या कुणालाच जमलं नसतं, कारण चूक कुठे आहे हे मला एकटीला माहीत होतं! आकडे बरोबर आले, पुस्तकाच्या बरेच जवळ. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी सीनियर झाले. घरी पेढे आणले. सईने पेढा घेतला, "काँग्रॅट्स, मम्मा" म्हणाली, आणि दार लावलं.

केतकीला कुणाकडून तरी कळलं. तिचा मेसेज आला. अभिनंदन, मनापासून, आणि मग — "ताई, तुझे बरोबर आले म्हणजे तुला कळलं असणार. मला फक्त एक सांग, मी कुठे चुकले? मला कुणाला काही प्रूव्ह करायचं नाहीये. मला झोप लागत नाही, म्हणून."

बघा, इथे मला देवाने पुन्हा दार उघडून दिलं होतं. ती लांब होती, काम संपलं होतं, माझी नोकरीही कदाचित राहिली असती. आणि ती शिक्षा मागत नव्हती, झोप मागत होती. मी पूर्ण दुपार विचार केला. मग लिहिलं, की मशीनला माप दाखवायला सेलेनियमचं आणि ईचं जे ठरावीक ताकदीचं द्रावण करतो, ते दोन्ही त्या दिवशी तुझ्याकडून जास्त पातळ झालं असावं. तसं झालं की त्यांचे आकडे वर दिसतात. घाईत होतं असं. मनाला लावून घेऊ नकोस.

विचारपूर्वक लिहिलं होतं मी. पटेल असंच लिहिलं होतं. त्या दिवशी मशीनपाशी ती एकटीच होती, साक्षीला कुणी नव्हतं.

तिचं उत्तर लगेच आलं. "हो ताई. आता आठवतंय. त्या दिवशी मी खरंच घाईत होते. थँक यू, तू सांगितलंस." आठवतंय म्हणाली! जे घडलंच नाही ते तिला आठवायला लागलं, कारण ते ताईने सांगितलं होतं.

केतकी आता पुण्यात एका लॅबमध्ये आहे. नव्या मुलामुलींना शिकवते. मागच्या दिवाळीत तिचा फोन आला होता, तिचं मराठी आता माझ्यापेक्षा पुणेरी झालंय. सांगत होती, की नवी बॅच आली की पहिल्याच दिवशी ती त्यांना सगळ्यांसमोर आपली चूक सांगते. द्रावण कसं पातळ झालं, तक्ता कसा चुकला, त्यापायी एक जनावर कसं गेलं आणि त्याचं पिल्लू कसं मागे राहिलं. काही लपवत नाही. पोरं वहीत लिहून घेतात म्हणे.

"लाज वाटते गं सांगताना," ती म्हणाली, "पण सांगावं लागतं ना, ताई? आपल्या हातून झालेलं आपणच सांगायला नको का?"

मी म्हटलं, "हो गं. छान करतेस."